चित्र पाहून लिहिलेली कविता

एखाद्या मुलीचा मॉर्फ केलेला फोटो फिरायला लागला, की आपल्या घरांतून पहिला प्रश्न तिलाच येतो : ‘पण तू फोटो टाकलेसच कशाला?’ हेलन मॉर्ट या इंग्लिश कवयित्रीची हकीकत ऐकली तेव्हा मला हाच प्रश्न आठवला.

२०२०चा नोव्हेंबर. ओळखीच्या एकाने तिला सांगितलं, की अश्लील फोटोंच्या एका संकेतस्थळावर तू आहेस. तसे फोटो तिने कधी काढलेच नव्हते. पाहते तर फोटो तिचेच, पण अगदी साधे. सुट्टीतले, गरोदरपणातले, काही तर किशोरवयातले. २०१७पासून ते तिथे पडून होते. कुणीतरी ते चढवले होते आणि या बाईचा चेहरा वापरून हवं ते बनवा, असं इतरांना आमंत्रण दिलं होतं. लोकांनी बनवलं. त्यातलं काही फार हिंसक होतं.

ती पोलिसांकडे गेली, पण हात हलवत परतली. तिथला २०१५चा कायदा खऱ्या खासगी फोटोंपुरता होता. जोडून-बिडून केलेली चित्रं त्यातून वगळलेली. म्हणजे फोटो खोटा, म्हणून गुन्हा नाही! गरोदर बाईचा सुट्टीतला फोटो टाकू नये, तर मग टाकावं तरी काय?

हेलनने याचिका सुरू केली, कायदा बदला म्हणून. हजारोंनी सह्या केल्या. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती तिची कविता. चित्र किंवा शिल्प पाहून कविता लिहायची युरोपात फार जुनी रीत आहे. ग्रीक महाकवी होमरने वीर अकिलीसच्या ढालीचं केलेलं वर्णन हा तिचा नमुना मानतात. या रीतीला ‘एक्फ्रासिस’ म्हणतात. कवी पाहतो, चित्र गप्प असतं. हेलनने तोच प्रकार निवडला आणि शीर्षकात ‘डीपफेक’ हा शब्द घातला. इथे पाहणारीही तीच आणि चित्रातलीही तीच. परक्यांनी हाताळलेल्या चेहऱ्याकडे ती पुन्हा पाहते, या वेळी आपल्या शब्दांत. पुढे ‘माय ब्लॉन्ड जीएफ’ या माहितीपटात तिने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. चेहरा झाकला नाही.

अशी खोटी चित्रं पसरवणं इंग्लंड-वेल्समध्ये जानेवारी २०२४ अखेरपासून गुन्हा झालं. ती बनवणंही गुन्हा ठरवणारं कलम २०२५च्या कायद्यात आलं. हे एकट्या हेलनमुळे झालं असं नाही, बऱ्याच बायका झगडत होत्या.

आपल्याकडे २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मॉर्फ केलेल्या चित्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न सांगताही करता येते. दूरध्वनी क्रमांक १९३०. शेजारच्या मुलीला हा क्रमांक सांगताना तो वरचा प्रश्न तेवढा विचारू नका.