गिअर बॉक्समध्ये ऑइल कोणतं?



आपल्या गटाच्या टेम्पोचा गिअर बॉक्स उतरवला, आतल्या रिंगा-बेअरिंगं नवी टाकली. पैसे बचतीतले. शेवटी मिस्त्री मागच्या क्राउनचंच ऑइल ओतायला निघाला. "दोन्ही ८० डब्ल्यू ९०च आहेत ताई," म्हणाला. मी गाडीचं पुस्तक उघडलं. त्यात जीएल-४ होतं, डब्यावर जीएल-५.

८० डब्ल्यू ९० हा ऑइलचा दाटपणा. जीएल सांगतं, दात झिजू नयेत म्हणून घातलेल्या रसायनांचं. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरस जास्त असतं. क्राउनला ते लागतं, पण गिअर बॉक्समधल्या पितळी रिंगांना ते खाऊ शकतं. मग गिअर खरखरत पडतो. म्हणजे मोठा आकडा तो चांगला, असं नाही. काही गाड्यांना तर वेगळंच ऑइल लागतं. पुस्तकात असेल तेच घ्या.

सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला लावा. नव्या कामाचा बारीक चुरा सुरुवातीला ऑइलमध्ये उतरतो, म्हणून पहिलं ऑइल लवकर बदलायचं. किती किलोमीटरला, ते मिस्त्रीकडून बिलावर लिहून घ्या आणि बिल गटाच्या फायलीला लावा. गाडी चालवणारा भाऊ असो की दादा, गाडी आपली आहे. विचारायला लाजू नका.