तांब्याचे गाव, कलावंतांचे गाव



शेतातले पीक कापले तरी पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा उभे राहते. खाणीतून एकदा काढलेले खनिज मात्र पुन्हा भरून येत नाही. म्हणून खाणीच्या आधारावर वसलेल्या प्रत्येक गावापुढे आज ना उद्या एक प्रश्न येऊन उभा राहतो. खाण संपल्यावर गावाने काय करावयाचे? अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील जेरोम या लहानशा गावाला हा प्रश्न १९५३ साली पडला. त्या गावाने त्याचे उत्तर कसे शोधले आणि त्या उत्तराची मर्यादा कोणती, हे एका दिवसाच्या सहलीतही पाहता येते.

डोंगराच्या अंगावरचे गाव

फिनिक्स या राजधानीच्या शहरातून मोटारीने उत्तरेकडे निघाले म्हणजे सुमारे दोन तासांत व्हर्दे नदीचे खोरे लागते. खोऱ्यातून नागमोडी रस्ता क्लिओपात्रा नावाच्या टेकडीवर चढू लागतो आणि समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर जेरोम दिसते. टेकडीचा उतार इतका तीव्र आहे, की एका घराच्या छपराच्या पातळीवर मागच्या घराचे अंगण येते. गावातील रस्ते एकावर एक पायऱ्यांसारखे रचलेले आहेत. गावातून खाली पाहिले, की संपूर्ण खोरे आणि पलीकडचे सेडोनाचे तांबडे कडे नजरेत येतात.

या टेकडीच्या पोटातील खनिजाचा साठा सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावरील ज्वालामुखीच्या क्रियेतून निर्माण झाला. गोरे लोक येथे येण्यापूर्वी कित्येक शतके येथील मूळ रहिवासी टेकडीवरील निळे-हिरवे तांब्याचे दगड उकरून काढीत आणि त्यांची पूड रंगासाठी वापरीत. स्पॅनिश प्रवाशांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही जागा पाहिली. परंतु त्यांना सोने हवे होते, म्हणून ते पुढे निघून गेले.

१८७६ मध्ये येथे खाणीचे पहिले हक्क नोंदले गेले. १८८३ मध्ये युनायटेड व्हर्दे कॉपर कंपनी स्थापन झाली आणि तिला भांडवल पुरविणारे न्यूयॉर्कचे वकील यूजीन जेरोम यांचे नाव गावाला मिळाले. १८८८ मध्ये मोंटाना राज्यातील धनाढ्य खाणमालक विल्यम क्लार्क यांनी ही कंपनी ताब्यात घेतली. तार, दूरध्वनी आणि वीज यांचा प्रसार होण्याचा तो काळ होता. या तिन्हींसाठी तांब्याची तार लागे. त्यामुळे जगातील मागणी वाढत गेली आणि या दुर्गम टेकडीचे भाग्य उघडले. १८९५ पासून अरुंद रुळांची रेल्वे डोंगर चढून येऊ लागली.

वैभव आणि त्याची किंमत

मेक्सिको, आयर्लंड, इटली, क्रोएशिया, चीन अशा अनेक देशांतून माणसे कामासाठी येथे आली. लाकडी घरांची दाटी झाली. १८९४ ते १८९९ या काळात गावाला वारंवार आगी लागल्या आणि व्यापारपेठ पुनःपुन्हा जळाली. अखेर १८९९ मध्ये जेरोमला नगराचा दर्जा मिळाला, विटा-दगडांच्या बांधकामाचे नियम झाले आणि आग विझविण्याची व्यवस्था उभी राहिली. आज मुख्य रस्त्यावर दिसणाऱ्या बऱ्याच भक्कम इमारती त्यानंतरच्या आहेत.

खाणीच्या पोटातही आग होती. गंधकयुक्त खनिजाने आत पेट घेतला आणि ती आग वर्षानुवर्षे विझेना. तेव्हा १९१८ पासून वरून डोंगर फोडून उघड्या खाणीतून खनिज काढण्यास प्रारंभ झाला. सुरुंगांच्या हादऱ्यांनी घरे हलू लागली. त्यापूर्वी कित्येक वर्षे खनिज भाजण्याच्या धुराने टेकडीवरची झाडे मारून टाकली होती. माती धरून ठेवणारी मुळे राहिली नाहीत, आणि टेकडीतून जमिनीचा एक मोठा भेगेचा पट्टा जातो. या सर्वांचा परिणाम म्हणून गावाचा काही भाग खाली घसरू लागला. गावाचा तुरुंग आपल्या मूळ जागेपासून सुमारे २२५ फूट खाली सरकलेला आहे. सहलीला आलेली मुले त्याच्यासमोर उभी राहून हसतात. शिक्षकाला मात्र तेथे भूगोलाचा एक संपूर्ण धडा शिकविता येईल.

त्या वैभवाची किंमत सर्वाधिक कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. जुलै १९१७ मध्ये संपाच्या वातावरणात कामगार संघटनेच्या साठाहून अधिक माणसांना सशस्त्र नागरिकांनी पकडले, गुरांच्या डब्यांत भरले आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेकडे पाठवून दिले. कोणत्याही न्यायालयाने तसा आदेश दिलेला नव्हता. त्यानंतर दोनच दिवसांनी त्याच राज्यातील बिस्बी या दुसऱ्या तांब्याच्या गावातून सुमारे बाराशे माणसांना अशाच प्रकारे हाकलण्यात आले.

दिवे मालवले

१९३० च्या जनगणनेत जेरोमची लोकसंख्या ४,९३२ होती. त्याच सुमारास जागतिक मंदी आली आणि तांब्याचे भाव कोसळले. १९३५ मध्ये मुख्य खाण फेल्प्स डॉज कंपनीकडे गेली. जेम्स डग्लस यांच्या मालकीची दुसरी मोठी खाण १९३८ मध्ये बंद पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या मागणीने काही काळ हात दिला. परंतु १९५३ मध्ये शेवटची मोठी खाणही थांबली. कामगार सामान बांधून निघून गेले आणि घरे ओस पडली. गावात राहिलेल्यांची संख्या एके काळी शंभराच्याही आत आली होती, असे सांगितले जाते.

अशा वेळी पुष्कळ गावांत जे घडते, ते येथेही घडू शकले असते. रिकाम्या घरांची लाकडे, पत्रे आणि नळ काढून विकले गेले असते आणि पाच-दहा वर्षांत टेकडीवर केवळ जोती उरली असती. काही घरांच्या बाबतीत तसे झालेही. परंतु मागे राहिलेल्या मूठभर रहिवाशांनी त्याच वर्षी, म्हणजे १९५३ मध्येच, जेरोम हिस्टॉरिकल सोसायटी स्थापन केली. त्यांनी खाणीच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले, जुन्या इमारती संस्थेकडे घेण्यास सुरुवात केली आणि 'भुताचे शहर' अशी आपल्याच गावाची जाहिरात केली. ज्या ओसाडपणाची लाज वाटावी, तोच पाहण्यासाठी लोकांनी यावे, ही त्यांची युक्ती होती, आणि ती फळास आली. डग्लस यांचे १९१६ मध्ये बांधलेले मातीच्या विटांचे प्रशस्त निवासस्थान १९६५ पासून राज्याचे ऐतिहासिक उद्यान म्हणून लोकांना खुले झाले. त्यापाठोपाठ जेरोमला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

रिकाम्या घरांत नवे हात

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शहरी जीवनाला कंटाळलेली तरुण मंडळी येथे येऊ लागली. त्यांत चित्रकार होते, कुंभारकाम करणारे होते, दागिने घडविणारे होते. त्यांच्याकडे पैसा नव्हता. पण गळकी घरे स्वस्त मिळत होती आणि ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त करण्याची त्यांची तयारी होती. जुन्या रहिवाशांना लांब केसांच्या या पाहुण्यांविषयी प्रारंभी संशय वाटला. पुढे यांपैकीच काही जण नगराच्या कारभारात शिरले आणि जुनाट झालेल्या सार्वजनिक सोयींच्या दुरुस्तीसारखी कंटाळवाणी कामे त्यांनी अंगावर घेतली. कलावंतांची वसाहत म्हणून गाव टिकले, त्यात या कामांचा वाटा चित्रांइतकाच आहे.

आज मुख्य रस्त्यावर फिरताना एका जुन्या इमारतीत कलावंतांनी एकत्र येऊन चालविलेले सहकारी कलादालन दिसते. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटणार नाही. पूर्वीच्या माध्यमिक शाळेच्या इमारतीत कलावंतांच्या कार्यशाळा आहेत. केवळ शोभादर्शकांचे एक दुकानही आहे. कंपनीने १९२० नंतरच्या दशकात बांधलेले रुग्णालय आता हॉटेल झाले आहे. डग्लस यांच्या निवासस्थानाजवळ खाणीत उतरण्याची जुनी विहीर आहे. ती १,९०० फूट खोल असून तिच्या तोंडावर जाड काच बसविलेली आहे. काचेवर उभे राहून खालचा अंधार पाहिला, म्हणजे रोज त्या अंधारात उतरणाऱ्या माणसाचे आयुष्य कसे असेल, याची काहीशी कल्पना येते. निवासस्थानातील संग्रहालयात गावाची व त्याखालच्या बोगद्यांची त्रिमितीय प्रतिकृती आहे. गावाच्या खाली बोगद्यांचे दुसरे गाव आहे, हे ती पाहिल्यावर कळते.

हिशेबाची दुसरी बाजू

येथपर्यंतची हकिकत यशाची आहे. परंतु हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. २०२० च्या जनगणनेत जेरोमची लोकसंख्या ४६४ होती, म्हणजे १९३० च्या संख्येच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. कलेने गावाची घरे वाचविली, गावाचे नाव वाचविले आणि काहीशे माणसांना पोटापाण्याचा उद्योग दिला. खाणीने दिलेला हजारोंचा रोजगार मात्र तिला परत आणता आला नाही, आणि १९५३ मध्ये निघून गेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला तिचा काही उपयोग झाला नाही. कलावंत आले ते पंधरा-वीस वर्षांनी. खाण बंद पडणे आणि नवा उद्योग उभा राहणे यांमधली ही वर्षे ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांचा विचार खाण चालू असतानाच व्हावयास हवा.

दुसरी गोष्ट अशी, की पर्यटन हाही एका अर्थाने एकाच खनिजावर उभा असलेला धंदा होऊ शकतो. घर पाहुण्यांना देण्यात अधिक पैसा मिळू लागला, की भाडे वाढते, आणि ज्या गरीब कलावंताने गाव जिवंत केले त्यालाच तेथे राहणे परवडेनासे होते. टेकडीवर नवी घरे बांधावयास जागा थोडी असल्याने हा प्रश्न अशा गावात अधिक तीव्र होतो.

आपल्यासाठी

ॲरिझोनाची टेकडी महाराष्ट्रापासून फार दूर आहे. तरीही चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या जिल्ह्यांतील कोळशाच्या पट्ट्यातील वस्त्यांना हा विषय परका नाही. शेजारच्या गोव्यात २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये लोहखनिजाचे काम थांबले, तेव्हा ट्रकमालकापासून खानावळ चालविणाऱ्यापर्यंत अनेकांना त्याची झळ बसली. खाणकायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणबाधित जिल्ह्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद झाली आहे. खाणधारकांच्या अंशदानातून येणारा हा निधी खाणबाधित माणसांच्या व परिसराच्या हितासाठी आहे. त्यातून आजची गरज भागविताना खाणीनंतरच्या दिवसांसाठी काय उभे राहते, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे.

जेरोमच्या मागे राहिलेल्या रहिवाशांकडे निधी नव्हता. खाण थांबली त्याच वर्षी ते एकत्र बसले, इमारती व्यक्तींच्या हाती विखुरण्याऐवजी संस्थेकडे ठेवल्या आणि गावाच्या आठवणी जपल्या. ज्या पंचायतीच्या हद्दीत आज खाण चालू आहे, तिला हे काम अधिक लवकर आणि अधिक चांगल्या रीतीने करता येईल. जुन्या कामगारांच्या आठवणी शाळेतील मुलांकडून लिहून घेणे, सार्वजनिक इमारतींची नोंद ठेवणे आणि गावात दुसरे कोणते कसब आहे याची यादी करणे, एवढी सुरुवात करण्यासाठी खाण बंद पडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.