'आढळले नाही' म्हणजे काय?



पाणी शुद्ध झाले की नाही, हे आपण प्रयोगशाळेच्या दाखल्यावरून ठरवितो. दाखल्यात 'आढळले नाही' असा शेरा असला की कागद दप्तरी दाखल होतो. प्रतिजैविक औषधांच्या बाबतीत मात्र या शेऱ्यावर विसंबणे युक्त नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आपण घेतलेल्या प्रतिजैविकाचा बराच अंश शरीराबाहेर पडून सांडपाण्यात मिसळतो. औषध कारखान्यांचे सांडपाणी त्याहून चिंताजनक. हैदराबादजवळील पटनचेरू येथील सामायिक शुद्धीकरण केंद्राकडे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी येत असे. स्वीडिश संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या तेथील पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते एवढे नसते! अशा पाण्यात जे जंतू तगतात, ते औषधाला दाद देत नाहीत आणि हा गुण इतर जंतूंनाही देतात.

तेव्हा क्लोरीन वा ओझोन वापरून औषधाचे रेणू मोडावेत, हा उपाय सहज सुचतो.  पेनिसिलीनचे चौकोनी वलय उघडले की जंतुनाशक शक्ती संपते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे तसे नाही. क्लोरीन वा ओझोन प्रथम त्याच्या कडेच्या पिपेरॅझिन वलयावर घाला घालतो; जंतूंवर काम करणारा मधला गाभा पुष्कळदा शाबूत राहतो. तपासणी मूळ औषधाची होते, म्हणून शेरा येतो 'आढळले नाही'. दरोडेखोराने फेटा बदलला, एवढ्यावरून तो गाव सोडून गेला असे आपला पोलीस पाटील तरी म्हणणार नाही.

सल्फामेथॉक्साझोलची कथा याहून विलक्षण आहे. आपले शरीर या औषधाला ॲसिटिल गट जोडून ते निष्क्रिय करते. शुद्धीकरण केंद्रातील जंतू तो गट सोडवितात आणि मूळ औषध पुन्हा तयार होते! त्यामुळे केंद्रात येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जाणाऱ्या पाण्यात ते कधीकधी अधिक भरते. विघटित द्रव्य मूळ औषधाहून घातकही ठरू शकते. टेट्रासायक्लीनच्या जुन्या, खराब झालेल्या गोळ्यांनी मूत्रपिंडास इजा झाल्याची उदाहरणे १९६३ पासून वैद्यकास ठाऊक आहेत.

याचा अर्थ गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकणे थांबवावे असा कृपया कोणी घेऊ नये. कॉलरा आणि गॅस्ट्रो आजही माणसे मारतात. माझा रोख सांडपाण्याच्या केंद्रांकडे आहे.

तेथे ओझोननंतर पाणी वाळूच्या जैविक गाळणीतून सोडले, तर उरलेल्या तुकड्यांपैकी बरेच तेथील जंतू पचवितात. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना सूक्ष्म प्रदूषके काढणे बंधनकारक केले. तेथे ओझोन किंवा सक्रिय कार्बन वापरतात. आपल्याकडे जानेवारी २०२० मध्ये केंद्र शासनाच्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांना मर्यादा सुचविल्या होत्या. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या राहिल्या नाहीत.

म्हणून आपल्या तालुक्यात सामायिक केंद्र असेल, तर तेथील अभियंत्यास एवढे विचारावे : प्रक्रिया झालेले पाणी टाकल्यावर प्रयोगशाळेतील साधे जंतू वाढतात, की त्यांची वाढ खुंटते? खुंटत असेल, तर ती कशामुळे? आणि त्याचे उत्तर सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.