पाहुण्यांच्या बेटावर आपले स्वागत



या साहित्य संमेलनाच्या स्वागत समितीच्या वतीने मी मॉरिशसमध्ये आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. स्वागताध्यक्षाने आपल्या गावाचे कौतुक सांगावे आणि साहित्याचा विषय अध्यक्षांवर सोपवावा, ही रीत मी आनंदाने पाळणार आहे. फक्त गावाच्या जागी मला अख्खा देश घेता येतो. क्षेत्रफळ सुमारे 2,040 चौरस किलोमीटर, म्हणजे पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्याच्या निम्मे!

आमचे बेट ज्वालामुखीतून वर आले, त्याला सुमारे 80 लाख वर्षे झाली. क्युरपीप शहरात ज्वालामुखीचे मुख आजही पाहता येते. पण महाराष्ट्राच्या पाहुण्यांना याहून जवळची गोष्ट सांगतो. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून दख्खनचा काळा पाषाण ओतला गेला, त्यातूनच पुढे हे बेटही घडले, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. तेव्हा इथल्या डोंगरांचा दगड तुम्हाला ओळखीचा वाटला, तर नवल नाही. उसाच्या शेतांत त्याच दगडांचे उंच ढीग दिसतील. मजुरांनी ते हातांनी वेचून रचले, तेव्हा कुठे जमीन पिकाखाली आली.

हे मजूर कोण, ते सांगायला हवे. या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. 1598 मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले आणि 1710 मध्ये ते निघून गेले. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतले. 1835 मध्ये गुलामगिरी संपली. त्याआधीच, 1834 पासून, उसासाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले होते. साडेचार लाखांहून अधिक माणसे अशी आली. मुंबई बंदरातून निघालेल्यांत आमचे कोकणातले पूर्वजही होते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. ल मॉर्न हा पळालेल्या गुलामांच्या आश्रयाचा डोंगर 2008 पासून. हे दोन्ही पाहिल्याशिवाय परत जाऊ नका.

आज आम्ही सुमारे साडेबारा लाख आहोत. घरात क्रिओल, वर्तमानपत्रात फ्रेंच, संसदेत इंग्रजी. दिवाळी, ईद, नाताळ आणि चिनी नववर्ष या सगळ्यांना सुट्टी. गणेश चतुर्थीलाही देशभर सार्वजनिक सुट्टी असते, हे आम्ही मराठी माणसे जरा जास्तच अभिमानाने सांगतो.

आम्ही सगळेच पाहुणे, मग यजमान कोण? ते पंखांचे आहेत. माणूस येण्याआधी वटवाघळांखेरीज इथे जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. म्हणून कबुतराच्या कुळातला डोडो उडणे विसरून निर्धास्त वाढला. जहाजांबरोबर उंदीर, डुकरे, माकडे आली, जंगल तुटले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक तुमच्याच देशात, निकोबारमध्ये आहे. आपली मंडळीही निर्दोष नाहीत. हॉटेलच्या अंगणातली साळुंकी, शिपाई बुलबुल आणि शेतातले मुंगूस हे भारतातूनच इथे आणलेले. भारतातल्या पोपटाशी तर इथल्या दुर्मीळ हिरव्या पोपटाला ढोलीसाठी भांडावे लागते.

तरी या बेटाने केवळ गमावलेले नाही. 1974 मध्ये मॉरिशस केस्ट्रल नावाच्या छोट्या ससाण्याचे रानात केवळ 4 पक्षी माहीत होते. 1990 च्या सुमारास गुलाबी कबुतरेही रानात दहाच्या आसपास उरली होती. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवली, पिल्ले वाढवली, घरटी टांगली, उंदीर-मांजरांचा बंदोबस्त केला. आज दोन्ही पक्षी शेकड्यांनी आहेत. ब्लॅक रिव्हरच्या राष्ट्रीय उद्यानात आणि इल ओ एग्रेत बेटावर हे काम आपल्याला पाहता येईल.

मंडळी, मराठीसाठी आपण इथे ठराव करू, ते करायलाच हवेत. पण ससाणा ठरावांनी वाचला नाही, एकेका पिल्लाला रोज भरवल्याने वाचला. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवली जाते. घरात ती बोलणारी कुटुंबे मात्र मोजकीच उरली आहेत. म्हणून यजमानांना माझी विनंती आहे की, आज रात्री जेवताना मुलांशी मराठीत बोला. आणि पाहुण्यांना विनंती आहे की, परत गेल्यावर आमच्या मुलांसाठी मराठी गोष्टींची पुस्तके पाठवा.