जगन : एका तत्त्वनिष्ठ पित्याचा हिशेब



ज्या चेन्नईला आपण येथील मराठी मंडळी अजून सवयीने मद्रासच म्हणतो, त्या शहराच्या पुरसैवाक्कम भागात, वडील दूर म्हैसूर संस्थानात मुख्याध्यापकी करीत असताना, आजीच्या घरी लहानाचे मोठे झालेले आर. के. नारायण यांनी १९६७ साली 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तीतील जगन नामक मिठाईवाल्याच्या पितृत्वाविषयी आज मला बोलावयाचे आहे.

गांधीजींच्या हाकेसरशी कारावास पत्करलेला, स्वतः कातलेल्या सुताचीच खादी वापरणारा, नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावराच्या कातड्याखेरीज अन्य वहाण पायात न घालणारा, दिवसभर मिठाई विकूनही स्वतः साखरेला न शिवणारा आणि दुकानाच्या गादीवर भगवद्गीता वाचीत बसणारा हा विधुर गृहस्थ कोणालाही आदर्श वाटावा असाच आहे. परंतु सायंकाळी सहानंतरचा गल्ला तो निराळ्या भांड्यात ठेवतो. ती रक्कम जमाखर्चात चढत नाही, करवसुलीच्या अंमलदाराच्या दृष्टीस पडत नाही, आणि घरात गुप्तपणे साठत राहते. एके दिवशी त्याचा एकुलता एक मुलगा माली अमेरिकेच्या प्रवासासाठी त्याच साठ्याला हात घालतो, आणि बापाच्या मुखातून निषेधाचा एक शब्दही निघत नाही.

श्रोतेहो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या बापलेकांचे मनोगत एका नातलगाच्या मध्यस्थीवाचून परस्परांस कळत नाही, त्या घरात बापाचे व्रत मुलापर्यंत पोहोचले नाही. पोहोचले ते बापाने लपविलेले द्रव्य. हार्पर ली यांच्या १९६० सालच्या 'टु किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीतील ॲटिकस फिंच हा वकील थोर पिता ठरतो, तो प्रामुख्याने याच कारणाने की, त्याच्या मुलांना घराच्या ओसरीवर आणि न्यायालयाच्या सज्जातून एकच मनुष्य दिसतो. जगनला ती एकरूपता साधावयास साठीच्या उंबरठ्यापर्यंत वाट पाहावी लागली.

ती साधते कशी, ते पाहा. मद्रास राज्यात १९४८ पासून दारूबंदी सर्वत्र लागू होती आणि कादंबरी निघाली तेव्हाही ती उठलेली नव्हती, हे ध्यानी घेतले म्हणजे मोटारीत मद्याची बाटली सापडून माली अटकेत जातो या प्रसंगाचे गांभीर्य उमगते. आजवर मुलापुढे मूकपणे पैसा ठेवणारा हा बाप या वेळी कायद्याच्या वाटेत आडवा येत नाही. तुरुंगवास त्याने स्वतः भोगला असल्यामुळे मुलालाही तो हितावह ठरेल, असे त्याला वाटते. दुकानाच्या किल्ल्या तो नातलगाच्या हाती देतो, आणि मालीने परदेशातून आणून वाऱ्यावर सोडलेल्या ग्रेस या तरुणीला मायदेशी परतावयाचे झाल्यास तिच्या तिकिटाचा भार आपल्या कुटुंबाचे ऋण म्हणून स्वतःवर घेतो.

माझ्या मते येथे, आणि येथेच, जगन खऱ्या अर्थाने पिता होतो. कारण या एका निर्णयात मुलावरील माया, परक्या मुलीविषयीचे कर्तव्य आणि सत्याचा आग्रह ही तिन्ही खाती प्रथमच एका वहीत मांडली जातात. घर सोडताना तो चरखा मात्र बरोबर घेतो. त्या सुताला आता सहानंतरचा काळोख नाही.