अडवलेला पैसा आणि विश्वासाचा व्यवहार



डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात मडके वाजवून पाहायचे, पैसे मोजून द्यायचे, की व्यवहार तेथेच संपतो. तेच मडके पुण्याच्या गिऱ्हाइकाने संकेतस्थळावरून मागविले आणि कार्डाने पैसे भरले, की दोघांमध्ये तिसरा येतो. पैसे गोळा करून दुकानदाराला पोचविणारी कंपनी. ही कंपनी कधीकधी पैसे अडवून धरते. ते का, याचा आज विचार करू.

मध्यस्थ आपल्याला नवा नाही. पेढ्यांवर मुदती हुंडी चालत असे, तेव्हाही हुंडी न पटल्यास नुकसान कोणाचे, हाच मुख्य प्रश्न होता. आजचा प्रश्न तोच आहे. ‘माल पोचला नाही’ किंवा ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशा तक्रारीवरून गिऱ्हाईक आपल्या बँकेमार्फत कार्डाची रक्कम अनेक आठवड्यांनंतरही परत मागू शकते. तोवर दुकानदार पैसे उचलून नाहीसा झाला, तर भुर्दंड मध्यस्थावर पडतो. म्हणून एकाएकी वाढलेली विक्री, फार आधी घेतलेले खोल्यांचे आरक्षण, दुकानाच्या व खात्याच्या नावांतील तफावत, असे काही दिसताच कंपनी हात आखडता घेते.

कधी कारण कायद्याचे असते. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘पेपाल’ने भारतीय विक्रेत्यांची येथील बँकांत पैसे काढण्याची सोय थांबविली, तेथे विक्रेत्यांच्या लबाडीचा नव्हे, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा प्रश्न होता.

रिझर्व्ह बँकेच्या १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशी रक्कम बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवणे बंधनकारक केले. माल पाठविण्याची जबाबदारी दुकानदाराची असल्यास, माल पोचल्याची वर्दी मिळाल्यापासून एका दिवसात पैसे द्यावेत, असे त्यांत होते. मात्र परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम ठेवण्याचा करार असल्यास तोवर ती ठेवता येई. १५ सप्टेंबर २०२५ रोजी नवे निर्देश आले, तरी एस्क्रो खात्याचे बंधन कायम राहिले. तात्पर्य, अडवणुकीचे मूळ पुष्कळदा आपण न वाचता मान्य केलेल्या करारात असते. तो वाचावा, माल पोचल्याची पावती जपावी, आणि चतुर्थीपूर्वी विक्री वाढणार असेल तर कंपनीला आधी कळवावे.

परंतु सावधगिरीलाही मर्यादा हवी. कुंभाराचे अडकलेले पैसे म्हणजे त्याची पुढची माती आणि भट्टीचे सरपण. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गणिताचे उत्तर बरोबर असले तरी रीत दाखविल्याखेरीज गुण देत नसत. पैसे अडविणाऱ्यानेही रीत दाखवावी. कारण काय आणि रक्कम कोणत्या तारखेला सुटेल, एवढे दुकानदाराला सांगितले तर ती सावधगिरी. न सांगितले तर तो अन्याय होय.