‘तसली’ मुलगी म्हणजे कसली?

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून आपण इथे जमलो आहोत, म्हणून दोन्हीकडे फिरलेली एक हकिगत सांगते. मुलीचं नाव सांगणार नाही. ते आधीच पुष्कळ फिरवलं गेलंय.

ती साताऱ्याकडच्या एका गावातली, दहावीतली. एस.टी.च्या थांब्यावर एका मुलाकडून तिनं वही घेतली. महिन्याभरात ‘ती तसलीच आहे’ असं गावात झालं. मुलाला कुणी काही विचारलं नाही. हिची मात्र शाळा बंद झाली आणि रवानगी सांगलीकडे मावशीच्या घरी. तिच्या आधी बोभाटा तिथे पोचला होता. सोळाव्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात झाली.

आई माझ्याकडे आली. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली मी. त्या मुलीला पहिला प्रश्न काय विचारला? ‘खरंच काही होतं का गं?’ ती गप्प झाली. पुढच्या दोन भेटींत बोललीच नाही. पारावरच्या माणसांनी विचारलं तेच मीही विचारलं होतं.

हाच प्रश्न कोर्टातही विचारला गेला आहे. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या, आताच्या गडचिरोलीतल्या, देसाईगंज पोलीस ठाण्यात बलात्कार झाल्याची तक्रार मथुरा या आदिवासी मुलीनं केली. वय चौदा ते सोळा. ती शरीरसंबंधांना सरावलेली आहे, असं म्हणत सत्र न्यायालयानं १९७४ साली दोन्ही पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, ती सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली रद्द केली. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० साली बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. तरी तक्रार करणारीच्या ‘अनैतिक चारित्र्या’वर बोट ठेवण्याची मुभा देणारं पुरावा कायद्यातलं कलम निघायला २००२ साल उजाडलं.

कायद्यानं तो प्रश्न काढून टाकला. आपल्या मंडळांत तो अजून विचारला जातो. मुलगी आली की तिची वागणूक तपासू नका. शाळा कुणी बंद केली, लग्न कोण ठरवतंय, तिला काय हवंय, हे विचारा. वही घेतली असेल नाहीतर प्रेम केलं असेल. शाळा बंद करण्याचं ते कारण होत नाही.

अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, हे आम्ही वडिलांना समजावलं. स्थळं थांबली. सतरा नंबरचा फॉर्म भरून ती दहावीला बसली. गावातलं बोलणं थांबलेलं नाही. ते थांबवण्याचं काम तिच्या एकटीवर टाकू नका.